अक्षय्य तृतीयेची आळी

आमच्या टाउनहाउसच्या असोसिएशनचा नियम असा आहे की मागच्या डेकवर दोनपेक्षा जास्त कुंड्या ठेवायच्या नाहीत आणि कठड्यावरून खाली काही लोंबता कामा नये. हा नियम मी आईला तीनदा समजावला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हंजे घर तुझं, पण कठडा दुसऱ्याचा."

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

त्यानंतर तिनं डेकचं दार उघडलं नाही. स्वयंपाकघरातल्या गरम हवेच्या जाळीपाशी खुर्ची ओढायची, तळपाय त्या जाळीवर ठेवायचे आणि समोरच्या पार्किंगकडे बघत बसायचं. मार्चचा शेवट होता. बाहेर झाडांना पान नव्हतं.

बाबा गेले त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. ते एसटी स्टँडवर हमाली करायचे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. सांगू नये असं मला कधी वाटलं नाही. जे केलं ते कुणाकडे हात न पसरता केलं, आणि त्याची मला सवय झाली होती.

बाबांच्या मागे आई गावच्या त्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. दिवाळीनंतर एका सकाळी ती मोरीत घसरून पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. नळ वाहायचा थांबत नाही म्हणून शेजारणीनं डोकावलं, तेव्हा सापडली. मला कळलं दोन दिवसांनी, तेही शेजारणीच्या तोंडून. आई फोनवर एवढंच म्हणत होती की जरा कंबर धरलीये.

मी इथं एकटीच असते. लग्न झालं होतं, मोडलं. त्याबद्दल इथं लिहायचं नाही. आईला सहा महिन्यांसाठी आणलं, पण माझ्या डोक्यात तिला परत पाठवायचं नव्हतंच. मी आता इथली नागरिक आहे, तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकते. वकिलाकडून कागद तयार करून घेतले होते. सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, बाजूला पेन. आठवडाभर ते कागद जेवणाच्या टेबलावर होते आणि आई त्यांच्या कडेकडेनं ताट मांडत होती.

"आई, सही."

"करू की."

"कधी?"

ती उठून तिच्या बॅगेतून मशेरीचा डबा घेऊन आली. वरची मशेरी एका कागदावर ओतली, तर खाली प्लॅस्टिकच्या पुडीत अकरा बिया. दुध्याच्या. विमानातून बी-बियाणं आणायचं नसतं हे मी तिला फोनवर दहा वेळा सांगितलं होतं.

"ह्यातली एकपण घरी ठेवली नाही," ती म्हणाली. "घराला कुलूप लावल्यावर तिथं कोण लावणार होतं? मला वेल लावायला जागा दे. वेल वर चढला म्हंजे मी सही करीन. इथं काहीतरी रुजतंय ते तरी बघू दे मला."

तो वेल मला माहीत होता. आमच्या घराला पत्रा. पावसाळ्यात तो असा वाजायचा की आपण मोठ्यानं वाचलेलं आपल्यालाच ऐकू यायचं नाही. आई दर वर्षी अक्षय्य तृतीयेला मोरीच्या सांडपाण्याजवळ आळी करायची. जुलैपर्यंत दुध्याची पानं पत्राभर पसरायची आणि पावसाचा आवाज बसायचा. माझी बारावी त्या पानांखाली झाली. दुध्याही आमचा वेगळा होता, बाजारातल्यासारखा लांब नाही, बुटका, पोटाशी फुगलेला. आईनं तिच्या माहेरून आणलेला.

पार्क डिस्ट्रिक्टची, म्हणजे इथल्या सार्वजनिक बागा सांभाळणाऱ्या खात्याची, एक सामुदायिक बाग आहे, आमच्यापासून दहा मिनिटांच्या ड्राइव्हवर. तिथं वाफा मिळायला तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. मी फोन केला तर तिथली व्यवस्था बघणारी बाई म्हणाली, एकच आहे, कोपऱ्यातला, बरीच वर्षं कुणी हात लावलेला नाही, यादीतल्या सगळ्यांनी बघून नको म्हटलंय. अट एकच. एक जूनला ती येऊन बघणार. दोन तृतीयांश जागा साफ आणि लावलेली दिसली नाही तर वाफा काढून घेणार.

"बागकाम केलंय ना आधी?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. नोकरीच्या इंटरव्ह्यूत म्हणतात तसं. मी जन्मात तुळशीलासुद्धा नीट पाणी घातलेलं नव्हतं. अभ्यास कर, हे काम तुझं नाही, असं म्हणून आई माझ्या हातातलं खुरपं काढून घ्यायची.

पहिल्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा वाफ्याच्या मधोमध एक केशरी झेंडी रोवलेली होती. आईनं चपला काढल्या आणि हात जोडले.

"कोणाचं ठाणं आहे गं इथं?"

"आई, ती नोटीस आहे. ज्याचा वाफा वाईट त्याला ती झेंडी लावतात."

तिनं चपला घातल्या. "मग आधी ती काढ." पण ती काढणं आमच्या हातात नव्हतं, ते त्या बाईचं काम.

कमरेएवढं वाळकं गवत होतं, त्याखाली नवं हिरवं, आणि त्यात काटेरी रोपांचे गड्डे. आईनं एक मूळ उपटलं, बोटाभोवती गुंडाळलं आणि म्हणाली, "ही इथली हरळीच. तोडू नको. तुकडा राहिला तर तुकड्याला फुटवा येतो. मुळासकट ओढ." मी ओढलं. हातात वीतभर मूळ आलं आणि बाकीचं जमिनीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी होम डेपोच्या दुकानातून फावडं आणलं. ते चार बोटं खाली जाऊन कशावर तरी थबकायचं. उकरून बघितलं तर कार्पेट. आधी कुणीतरी गवत मारायला जुनं कार्पेट अंथरलं होतं आणि त्याच्यावरच वर्षानुवर्षं माती, पालापाचोळा, नवं गवत. त्याच्या दोऱ्यांतून मुळं अशी विणली गेली होती की कुठलं काय ते कळेना. ओढलं की फाटायचं. फाटलं की निळे-राखाडी नायलॉनचे धागे मातीत.

तीन आठवडे मी ऑफिस संपलं की तिथं. शनिवार-रविवार पूर्ण दिवस. आई उकिडवी बसून धागे वेचायची, कंबर धरली की उलट्या बादलीवर बसून वेचायची. मी तिला नको म्हणत नव्हते. त्या खुर्चीपेक्षा बादली बरी. एवढं करून वाफ्याचा चौथा भागसुद्धा मोकळा झाला नव्हता, आणि आधी जिथं साफ केलं होतं तिथं तुकड्यांना फुटवे आले होते. एकदा गाडीत बसल्यावर माझ्याच्यानं किल्ली फिरवेना, इतके हात सुजले होते. आई समोर बघत म्हणाली, "राहू दे, जमत नसंल तर." मी किल्ली फिरवली.

शेजारचा वाफा एका काकांचा होता. रिटायर्ड डॉक्टर, मूळचे पुण्याचे, इथं येऊन जन्म गेलेला. त्यांच्या वाफ्यात प्रत्येक ओळीला पाटी, लाकडी चौकटी, आणि मातीत खुपसलेला थर्मामीटर. आमचं बोलणं ऐकून ते स्वतःच कुंपणाशी आले.

"मराठी ऐकून बरं वाटलं. तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मी सांगितलं.

"घरी शेती होती का?"

"नाही. वडील स्टँडवर हमाल होते."

त्यांनी माझ्या हातातल्या फावड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अरे वा. म्हणजे फारच वर आलात की तुम्ही."

त्यांना चांगलंच म्हणायचं होतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाठ केली आणि फावडं मारलं.

आईनं आतापर्यंत बिया ओल्या फडक्यात बांधून त्या गरम जाळीपाशी ठेवल्या होत्या. अकरातल्या नऊ फुटल्या. दह्याच्या डब्यांत मी तिला दुकानातली माती भरून दिली. प्रत्येकी दोन-दोन जाड पानं आली, आणि आईच्या बोलण्यात फरक पडला. सकाळी उठून आधी डबे बघायची. एकदा मला म्हणाली, "त्या कागदावर माझं नाव नीट लिहिलंय का बघ. मधलं नाव बाबांचंच आहे ना?" मी बघितलं. होतं. त्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन मी रडले, आनंदानं.

अक्षय्य तृतीया त्या वर्षी एप्रिलच्या शेवटाकडे आली. त्याआधी चार दिवस इथं अचानक उकडायला लागलं. लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते, आइस्क्रीमच्या दुकानासमोर रांग. आईनं सकाळी आंघोळ केली, पुरण घातलं, डबे एका खोक्यात भरले. वाफ्याच्या साफ केलेल्या तुकड्यात तिनं नऊ आळी केली, गोल, मधे खोलगट, कडेला मातीचा बांध. तिचे हात हे करताना मी वीस वर्षांनी बघत होते.

काका आले. त्यांनी आळी बघितली, डबे बघितले.

"आज लावताय?"

"आज अक्षय्य तृतीया आहे," मी म्हटलं.

"तिथली. इथली जमीन अजून झोपलीये." त्यांनी थर्मामीटर आमच्या मातीत खुपसून दाखवला. "हे बघा. मदर्स डे होईपर्यंत, म्हणजे अर्धा मे जाईपर्यंत, वेलाची जात बाहेर काढायची नाही. मी इतकी वर्षं इथं लावतोय."

"आईसुद्धा इतकी वर्षं लावतेय," मी म्हटलं.

ते हसले, हात वर केले. जाताना त्यांनी माझा नंबर घेतला, काही लागलं तर असावा म्हणून.

खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं होतं. थर्मामीटरवरचा आकडा मला वाचता येतो. मी आईला हळू आवाजात म्हटलं, "निदान दोन डबे घरी ठेवू या."

"आजच्या दिवशी हात आखडायचा नसतो," ती म्हणाली, आणि नववं रोप लावून त्याला बाटलीतलं पाणी घातलं. बागेचे नळ अजून सुरू झाले नव्हते, पाणी आम्ही घरून नेत होतो.

आठवडा गेला. रोपांना तिसरं पान दिसायला लागलं. मे महिना लागला होता. एका बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी घरूनच मीटिंगमध्ये असताना फोनवर मेसेज आला. "पहाटे फ्रॉस्ट आहे, दव गोठणार. रोपं झाकून घ्या. माझ्याकडे जुन्या चादरी आहेत, सहापर्यंत मी बागेतच आहे." काकांचा. खिडकीबाहेर ऊन होतं. मी आखूड बाह्यांच्या टॉपमध्ये बसले होते. मी "थँक यू काका, बघते" असं उत्तर पाठवलं.

आणि बघितलं नाही. मीटिंग साडेपाचला संपली. दहा मिनिटांचा ड्राइव्ह. आई आत भाकरी थापत होती, तिला मी काही बोलले नाही. मला आठवतंय, मी त्या चादरींचा विचार केला. त्यांच्या जुन्या चादरी मागायला मी जाणार, ते परत म्हणणार, वर आलात. मी लॅपटॉप उघडून उरलेल्या ईमेल्सना उत्तरं देत बसले.

सकाळी आईला माझ्या ऑफिसच्या आधी पाणी घालायला जायचं होतं. गवतावर पांढरं पडलं होतं. आई चालताना म्हणाली, "मीठ टाकलंय का?" मग आम्ही आमच्या कोपऱ्यात पोचलो. पानं काळी पडून लोळत होती, उकडून ठेवलेल्या पालकासारखी. आई खाली बसली. एकेक देठ तिनं दोन बोटांत धरून बघितलं. सगळी नऊ. देठातून पाणी निघत होतं.

काका त्यांच्या वाफ्यावरच्या चादरी काढत होते. ते आमच्याकडे आले.

"अरेरे. काल मी मेसेज केला होता की. तुमचं उत्तरही आलं होतं. जमलं नाही का यायला?"

आईनं वर बघितलं. काकांकडे नाही, माझ्याकडे. मग काकांना म्हणाली, "पोरीला लई कामं असतात हो, डॉक्टर."

परतताना सिग्नलला थांबल्यावर आई म्हणाली, "मला सांगायचं. घरी तीन लुगडी पडली होती. मी लुगडी घातली असती वर."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा कळलं की हिरवा झालाय.

घरी आल्यावर तिनं हात धुतले, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तिकीट बघ माझं."

"आई, सप्टेंबरपर्यंत..."

"शेजारणीला मी मागं बी दिलं होतं. तिच्याकडं असंल. हंगाम जायच्या आत मला गेलं पाहिजे."

ती गेली तर त्या दोन खोल्या, ती मोरी, तो नळ. मला दुसरं काही दिसत नव्हतं. मी बेडरूमचं दार लावून शेजारणीला फोन लावला. माझं ठरलं होतं की तिनं हो म्हटलं की पोस्टानं मागवते, कुणाबरोबर तरी मागवते, काहीही करते.

"मावशी, आईनं दिलेलं दुध्याचं बी आहे का तुमच्याकडं?"

"कुठलं बाई. आम्ही स्लॅब टाकला तेव्हा वेल काढला. दोन वर्षं झाली. पोरांना दुध्या आवडत न्हाई." मग तिनंच विचारलं, "का गं? आईनं नेलं होतं ना संगं?"

"हो," मी म्हटलं. "नेलं होतं."

दोन रस्ते होते. आहे म्हणून सांगितलं तर ती जाणार. नाही म्हणून सांगितलं तर जायला कारण उरत नाही, आणि ती इथं राहील. मला जे हवं होतं ते मला खरं बोलून मिळत होतं. तरी दाराची कडी मी दोनदा काढून परत लावली.

मी सांगितलं. स्लॅबचंसुद्धा.

"बरं," आई म्हणाली. तिनं पाय जाळीवरून काढून खाली ठेवले. "मग घाई नाही. जायचं तर आहेच. पण घाई नाही."

पुढचे दोन आठवडे ती वाफ्यावर आली नाही. कागद टेबलावर होते, त्यावर तिनं एक वर्तमानपत्र ठेवलं होतं. मी विचारलं तर उत्तर द्यायची, जेवायला बोलावलं तर जेवायची. अर्धी भाकरी. मी घरून काम करत होते त्या दिवसांत एकदा दुपारी बघितलं, ती मशेरीचा रिकामा डबा उघडून आत बघत होती. तिथं आणखी एखादी बी चिकटून राहिली असेल असं तिला वाटलं असावं. मीसुद्धा आदल्या दिवशी तेच केलं होतं.

शेवटी एका शनिवारी मी काकांच्या कुंपणाशी गेले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. मला ते जमवायला चाळीस वर्षं लागली.

"काका, मला काही येत नाही," मी म्हटलं. "वाफा देणाऱ्या बाईला मी खोटं सांगितलं होतं. मला शिकवा. आणि तुमच्याकडे दुध्याची रोपं उरली असतील तर द्या."

त्यांनी हातमोजे काढले. "चादरी न्यायला का नाही आलात?"

"तुम्ही मला म्हणाला होतात, फार वर आलात."

"म्हणालो होतो खरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी इथं आलो त्या वर्षी रामनवमीला टोमॅटो लावले होते. दुसऱ्या दिवशी सहा इंच बर्फ. आमच्या हिनं त्याचा फोटो काढून सासरी पाठवला. चला, बेसमेंटमध्ये लाइटखाली दोन ट्रे आहेत."

एक जूनला दहा दिवस उरले होते. काकांनी मला कार्पेट चौकोनात कापून गुंडाळत काढायला शिकवलं, मुळं चाळणीनं वेचायला शिकवलं, उरलेल्या भागावर ओला पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा. मी सुट्टी टाकली. संध्याकाळी घरी आले की आईला फोनवरचे फोटो दाखवायची. ती बघायची, मान हलवायची. सहाव्या दिवशी मी काकांच्या पद्धतीनं मातीचे उंचवटे करून त्यावर रोपं लावली आणि तो फोटो दाखवला. आईनं फोन हातात घेतला.

"हे काय, थडगी बांधलीस का?"

"काका म्हणतात, इथं चिकणमाती आहे, पाणी साचतं. उंचावर लावायचं."

"आळं म्हंजे खोल असतं. डॉक्टरांना काय माहीत."

दुसऱ्या दिवशी ती गाडीत येऊन बसली. वाफ्यावर तिनं प्रत्येक उंचवट्याच्या डोक्यावर बोटानं बशीएवढा खड्डा केला. काकांनी बघितलं आणि पाण्याची झारी पुढे केली. एक जूनला ती बाई क्लिपबोर्ड घेऊन आली, वाफ्याभोवती फिरली, खूण केली आणि केशरी झेंडी उपटून घेऊन गेली. आई म्हणाली, "संपलं का?" मी म्हटलं, संपलं. मी गवतात बसले आणि बराच वेळ उठले नाही.

जुलैत वेल मांडवावर चढले. काकांनी जुन्या जिन्याच्या कठड्याचा मांडव करून दिला होता. पानं मोठी झाली, पांढरी फुलं आली. एका रविवारी मी वर्तमानपत्र काढलं, पिवळी चिठ्ठी नवी लावली आणि कागद आईसमोर ठेवले.

"वेल चढला, आई."

तिनं पेन उचललं. तिला सही येते, अक्षर सुटं सुटं, पण येते. पेन तिनं कागदावर टेकवलंसुद्धा. मग परत ठेवलं.

"हा डॉक्टरांचा वेल," ती म्हणाली. "लांबडा येतोय. चांगला आहे. मी नावं ठेवत नाही. पण मी सही केली तर मी इथं काय सांभाळत बसू?"

"मला," मी म्हटलं.

"तू कधी सांभाळू दिलंस?"

ती रागानं बोलली नाही. मला राग चालला असता.

ऑगस्टभर आम्ही दुध्या खाल्ला. थालीपीठ, भाजी, हलवा. ऑफिसमधल्या पोरींना दिला, असोसिएशनच्या सेक्रेटरीलासुद्धा दिला. एक दुध्या मांडवाच्या आतल्या बाजूला होता, सगळ्यांत बुटका. आईनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधली.

"हा तोडायचा नाही. बियाला ठेवलाय. वेलावरच वाळू दे. हलवला की आत खुळखुळ वाजेल, तेव्हा काढ."

"तो कधी वाजेल?"

"मी इथं असंन तोवर नाही वाजायचा," ती म्हणाली.

सप्टेंबरच्या शेवटी मी तिला ओ'हेअर विमानतळावर सोडलं. व्हीलचेअरवाल्या मुलीनं तिला नेलं, आणि तिनं एकदाच मागं बघून हातानं काहीतरी दाखवलं. पाणी घालत जा, असं असावं. कागद अजून टेबलावर आहेत. मोरीत मी शेजारणीकरवी धरायला लोखंडी दांडा बसवून घेतलाय. शेजारीण रोज डोकावते म्हणते. मी रोज दोनदा फोन करते. न उचलल्यास तिसऱ्यांदा करते, मग शेजारणीला. त्या मधल्या दहा मिनिटांत मी काय काय बघते ते मी लिहिणार नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर काकांचा मेसेज आला. पहाटे फ्रॉस्ट. मी मीटिंगमधून तशीच उठले. आई जाताना दोन सुती लुगडी कपाटात ठेवून गेली होती, काही न सांगता. ती घेऊन मी वाफ्यावर गेले. बाकीचे वेल पिवळे पडले होते, ते गेले तरी चालणार होतं. चिंधीवाला दुध्या अजून हिरवाच होता, कुठं कुठं फिकट. मांडवावरून लुगडी सोडली, त्याच्या खालपर्यंत ओढली. सूर्य कलला होता, वारं सुटलं होतं, काठ फडफडत होते. तिकडे पहाट झाली असणार. आई पाचला उठते. मी फोन लावला. चौथ्या रिंगला उचलला.

"आज पडणार आहे म्हणतात," मी म्हटलं.

"झाकलंस?"

"झाकलं. तुझ्या लुगड्यांनी."

"चारी बाजूनं?"

"हो."

"वारं आहे का?"

"आहे."

"मग कडेला दगड ठेव. नुसतं टाकून भागत नाही. उडून जाईल."

मी फोन स्पीकरवर करून मातीत ठेवला आणि दगड शोधायला लागले. ती अजून काही सांगत होती, किती दगड, कुठं ठेवायचे. तिच्या मागे मोरीतला नळ चालू होता. मी एकेक दगड आणून लुगड्याच्या काठावर ठेवत होते, आणि तो नळ बंद व्हायची वाट बघत होते.